मागच्या दाराचा भोंगा

खोटं बोलले तर माझी जीभ झडू दे! झरीच्या बाजारातली ही गोष्ट शब्दान् शब्द खरी हाय.

धम्मशीला गणिताची मास्तरीण. दहावीत गणितात अडकलेल्या लेकरांना पुरवणी परीक्षेतून बाहेर काढायचं, एवढाच तिचा क्लास. पण लेकरंच येईनात. खोलीचे मालक माणिकराव सकाळीच दारात उभे राह्यले.

"पोरी, परभणीचा एक मोठा क्लास खोली मागायलाय. आज बाजार हाय. दिवस बुडायच्या आत तुझ्याकडं पोरं दिसली तर खोली तुझी. न्हाई तर उद्या फळा उचल."

धम्मशीला उठलीच. तिनं बन्सीधरचा भोंग्याचा ॲटो बोलावला, कागदावर झकास मजकूर लिहून दिला आन् स्वतः मागं बसली. ॲटो बाजारात घुसला. "सर्वांगीण गुणवत्ता विकास! नावीन्यपूर्ण अध्यापन! उज्ज्वल भविष्याची हमी!"

भेंडी विकणाऱ्या नर्मदाबाईनं वर बघितलं. "काय इकायलास रं बन्सीधर? बियाणं का टॉनिक?"

"मला काय ठावं मावशी? दिलंय ते वाचायलोय."

धम्मशीला पुढं वाकली. तिनं माईकच हिसकला. "दहावीला गणितात नापास झालेलं लेकरू माझ्याकडं आणा! पास करून देते!"

बाजारात तराजू धरलेले हात तसेच राह्यले. नर्मदाबाईनं मान खाली घातली. तिचा बालाजी गणितातच लटकलाय, हे तिनं सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं. धम्मशीलाच्या ध्यानात आलं. आता समद्यांना समजलंय, पण उठणार कोण? जो उठंल त्याच्या घरातलं पोरगं नापास, हे गावाला दिसणार.

"ताई, ऊन उतरलं," बन्सीधर कुजबुजला.

तिनं माईक पुन्हा तोंडाला लावला. मग तोंडातून निघूनच गेलं, तेबी भोंग्यातून: "लाज वाटत असंल तर मागच्या दारानं या! उकिरड्याकडून. कुण्णाला कळणार न्हाई!"

बन्सीधरनं कपाळावर हात मारला. "ओ ताई! अख्ख्या झरीला सांगितलंत की!"

ती पळतच खोलीवर आली. पुढच्या रस्त्यावर कुत्रंबी नव्हतं. दिवस टेकायला आलता. मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. डोळे मिटले आन् कडी काढली.

बाहेर तोंडाला टॉवेल गुंडाळलेले बाप, नाकापर्यंत पदर ओढलेल्या आया, हाताला धरलेली लेकरं. रांग उकिरड्याला वळसा घालून पार पुढच्या पेडगावपर्यंत! समदे भिंतीकडं बघायलेले.

"नर्मदे, तू गं?" एक पदर बोलला.

"आन् तू काय भेंडी घ्यायला आलीस?"

कुणीतरी फसकन हसलं, तसे एकेक टॉवेल खाली आले. एकाचा रुमाल मात्र सुटंना.

"आजोबा, सोडा की," त्याचा हात धरलेली नात अपेक्षा म्हणाली. "समद्यांनी तुमची काठी वळखलीय."

रुमालातून माणिकराव निघाले.

"काका, फळा उचलू का?" धम्मशीलानं इचारलं.

"ऱ्हाऊ दे त्यो फळा," माणिकराव खाकरले. "पोरीला आत घे. आन् पुढच्या दारावर पाटी लाव. भोंग्यात आधी बोललीस तीच, नापास लेकरू आणा म्हणून. तुझा त्यो कागद नगं."

तर असं झालं. रांगेतलं पेडगाव तेवढं माझ्या पदरचं हाय. रांग उकिरड्यापर्यंतच होती.