दादू एक

ठमाबाईच्या मागाला चार पाय, आणि त्यातला एक आखूड. बापानं स्वतःच्या हातानं केलेला माग तो. सुतारानं पाहिला असता तर तोंड फिरवून हसला असता. दोन आडव्या काठ्या, त्यांच्यामध्ये ताणलेले धागे, एक फणी, एक फळी, एक धोटा, आणि आखूड पायाखाली सरकवलेला कौलाचा तुकडा. त्याच्यावर वीतभर रुंदीच्या पट्ट्या निघत, त्याहून जास्त काही नाही. पण त्या वीतभरात ती जी नक्षी काढायची तिचं अलीकडे थळपासून नागावपर्यंत नाव झालं होतं. आणि नाव झालं की माणसाच्या मागे काय काय लागतं, ते ठमाबाईला पासष्टाव्या वर्षी कळायचं होतं.

नक्षीचं नाव रांग. निळ्या पट्टीवर ओळीनं मांडलेले पांढरे उभे दांडे, डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक होत गेलेले. चार बोटं विणलं की थोडं नुसतं निळं सोडायचं आणि पुढची रांग धरायची. हे सगळं बोटांचं काम होतं. पांढरे धागे मोजून उचलायचे, त्यांच्याखालून फळी सरकवायची, फळीच्या फटीतून धोटा फेकायचा. कागदावर काहीच नव्हतं. ठमाबाई विणायला बसली की तिच्या तोंडी एकच घोष असे.

“बाबा पाच, मोरू पाच, आई चार, गोदू तीन, ठमा दोन, दादू येक.”

ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारी कसलीशी गणती म्हणते आहे. ती माणसं होती. मिठागराच्या वाफ्यातून बांधावर मीठ काढताना घरची सगळी रांगेनं उभी राहत आणि टोपली हातोहात पुढे जाई. वाफ्यात बाप, त्याच्याशेजारी त्याचा भाऊ मोरू, मग आई, मग थोरली गोदू, मग सात वर्षांची ठमा, आणि सगळ्यात शेवटी बांधावर चार वर्षांचा दादू. त्याला टोपली कुठून झेपणार? तो मूठभर मीठ घेऊन उभा असे आणि दिवसाची शेवटची टोपली रिकामी झाली की आपली मूठ राशीवर टाके. त्याची मूठ पडल्याशिवाय कोणी घरी निघत नसे. तसा नेमच होऊन गेला होता.

बाप चार वर्षं मुंबईला गिरणीत राहून आलेला. पावसाळ्यात मिठागर बंद, मग तो हा माग घेऊन पडवीत बसे. अक्षर त्याला येत नव्हतं, आकडे लक्षात राहत नव्हते, पण आपली माणसं कशी विसरेल? म्हणून त्यानं रांगच मागावर घेतली. ज्याचा जेवढा देह, तेवढे त्याचे धागे. धाकट्या पोराला एक.

पुढच्याच वर्षी भाद्रपदाच्या उधाणात बांधाला खांड गेली आणि खाडी आत घुसली. दादू ठमाच्या परकराचा सोगा धरून बांधावर उभा होता. ठमाला लोकांनी ओढून काढलं. सोगा तिच्या अंगावर होता, धरणारा नव्हता. बारा दिवस झाल्यावर बाप पुन्हा मागावर बसला तेव्हा आई म्हणाली, आता त्याचा धागा घेऊ नका, मला बघवत नाही. बाप म्हणाला, “मंग शेवटची मूठ कोन टाकल?” त्यानंतर या घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. दरवर्षी पट्ट्या विणल्या जात, आणि दरेक रांगेच्या टोकाला तो एक पांढरा धागा असे.

आता नागावच्या भार्गवीबाईंकडे येऊ. पिढीजात नारळी-पोफळीची वाडी, मुंबईला जाऊन शिकलेली पोर, परत येऊन वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, त्या छान चालल्या. बोलायला गोड, हाताची मोकळी, दिलेला शब्द पाळणारी. असली माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं. तिनं वाडीत जेवणाचं मोठं दालन बांधलं होतं आणि त्याच्या भिंतींवरून फिरवायला तिला तीस हात रांग हवी होती. नमुना म्हणून ठमाबाईनं दोन हात विणून दिला. तो घेऊन ती आठ दिवसांनी परत आली. सोबत चौकटींचा कागद होता, त्यावर रांग रंगवलेली.

“मावशी, काम अप्रतिम आहे,” ती म्हणाली. “फक्त प्रत्येक रांगेच्या शेवटी हा एक धागा सुटल्यासारखा वाटतो बघा. डिफेक्ट दिसतो. तिथे दोन घेतले ना, तर बॅलन्स येईल.”

“त्ये न्हाय व्हनार.”

“अवघड आहे का?”

“सोपं हाय. पर न्हाय व्हनार.”

भार्गवी हसली, चहा प्यायली, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला आणि गेली. का होणार नाही, एवढं एक तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर ठमाबाईनं सांगितलं असतं. सांगायला तिचं तोंड काही शिवलेलं नव्हतं. पण न विचारता आपल्या मेलेल्या भावाची कथा गिऱ्हाइकापुढे ओतायची, हे काही तिला जमणारं नव्हतं.

त्यानंतर भार्गवी फिरकली नाही. आणि तेव्हापासूनच नेत्राही येईनाशी झाली. नेत्रा म्हणजे मोरूकाकाची नात. तीन वर्षं याच मागावर, ठमाबाईच्या मांडीला मांडी लावून शिकलेली. दुपारी भाकरी इथेच, कालवणही इथेच. ठमाबाईनं मुलाला, अल्पेशला, दोनदा विचारलं की पोरगी आजारी आहे का. अल्पेश टेम्पो घेऊन दिवसभर रस्त्यावर असतो, त्याला सगळ्या गावाच्या खबरी. पण त्यानं मिठाची गुळणी धरली. आपल्या आईचा स्वभाव त्याला ठाऊक होता.

मग एक दिवस छापील आमंत्रण आलं. दालनाचं उद्घाटन, प्रमुख पाहुण्या ठमाबाई. ठमाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. मनात म्हणाली, लावली असेल माझी दोन हातांची पट्टी कुठेतरी, गरिबाचा मान ठेवला पोरीनं.

अकराच्या सुमाराला अल्पेशनं तिला वाडीच्या फाटकाशी उतरवलं. आत खुर्च्या, फुलं, मुंबईचे पाहुणे. आणि दालनाच्या चारी भिंतींवरून, खिडक्यांच्या वरून, दारांच्या वरून, रांग. तीस हात. निळी, सुबक, एका धाग्याची गफलत नाही. एका जागी ती दाराच्या कडेनं खाली उतरली होती, तिथे शेजारी खुंटीला सागवानी फळी टांगलेली. त्यावर कोरलेलं, ‘रांग. मिठागराची पारंपरिक नक्षी. विणकाम : ठमाबाई’.

ठमाबाई चौथी शिकलेली. तिनं आपलं नाव वाचलं. मग चष्मा सारखा करून पट्टीला बोट लावलं आणि सवयीनं मोजायला लागली. बाबा पाच. मोरू पाच. आई चार. गोदू तीन. ठमा दोन. ठमा दोन.

तिनं खालची रांग मोजली. ठमा दोन, ठमा दोन. तिच्या खालची. तेच. दादूच्या जागी तिलाच उभं केलं होतं. जी वाचली तीच पुन्हा एकदा, आणि जो गेला त्याला जागा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जवळजवळ साठ वर्षं जे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, ते कोणीतरी भिंतीवर टांगून खाली तिची सही केली होती.

“कोनी इनलं ह्ये?”

भार्गवी हसत पुढे आली. “मावशी, तुमचीच नक्षी! तुमच्या नेत्राने विणली, वाडीतच माग करून दिला तिला. श्रेय मात्र आम्ही तुम्हालाच दिलं हं, तिथे काही लपवाछपवी नाही.”

नेत्रा खांबाच्या आड उभी होती, नवी साडी नेसून. ठमाबाईनं तिला बोटानं बोलावलं. पाहुण्यांना वाटलं, गुरूनं शिष्येला जवळ बोलावलं; दोघाचौघांनी फोन वर केले.

“मोज,” ठमाबाई म्हणाली.

“आत्या, घरी बोलू या ना.”

“मोज म्हनते ना! तोंडानं मोज. तीन वर्सं मोजलंस तसं.”

नेत्रानं पट्टीला बोट लावलं. “बाबा पाच... मोरू पाच... आई चार, गोदू तीन, ठमा दोन...” आणि ती थांबली.

“फुडं?”

“दादू एक.”

“कुटं हाय त्यो? दाव मना. बोट लावून दाव.”

नेत्रानं खाली मान घातली. “त्या म्हणाल्या, मावशींना विचारलंय, त्यांची हरकत नाही.”

“मी म्हटलं होतं की मावशींशी बोलणं झालंय,” भार्गवी घाईनं म्हणाली. “झालंच होतं ना बोलणं?”

“झालं व्हतं. मी न्हाय म्हनली व्हती,” ठमाबाई म्हणाली आणि पुन्हा नेत्राकडे वळली. “आनि तुला ग? माज्या दारात यायला पाय न्हवते? मोरू पाच म्हनतेस, त्यो तुजा आजा. त्यानंच पान्यात उडी मारली व्हती दादूसाटी. रिकाम्या हातानं वर आला, तवापासनं मेला तवर वाफ्यात उतरला न्हाय. खाल्ल्या मिठाला जागली न्हायस तू. ह्ये मी म्हन म्हनून म्हनत न्हाय, खरंच मीठ खाल्लंस तू आमचं.”

भार्गवीला पहिल्यांदाच कळलं की इथे कोणीतरी मेलेलं आहे. तिनं हळूच विचारलं, दादू कोण. आणि ठमाबाईनं सांगितलं. उभ्या उभ्या, चार वाक्यांत. बांध, खांड, परकराचा सोगा, शेवटची मूठ.

भार्गवीचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, खोटं कशाला सांगा. आणि भरल्या डोळ्यांनी ती म्हणाली, “मावशी, अहो हे आधी सांगायचं ना! किती सुंदर स्टोरी आहे ही! आपण फळीवर लिहू या. दादूचं नाव घालू, सगळं घालू. एकदा पुन्हा सांगाल का प्लीज? इथे उजेडात बसून, पट्टीपाशी. मी रेकॉर्ड करते.”

“आनि पट्टी?”

“पट्टी आता लागलीय मावशी. लांबून कोणाच्या लक्षात येणार? गोष्ट तर खरीच राहील ना.”

जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते असं असतं. मिठागरातल्या बाईला त्याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. भेगाळलेल्या टाचा घेऊन तिनं जन्म वाफ्यात काढलेला. ठमाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“बाय, येका हाताला चार रांगा. तीस हात. किती झाल्या?”

भार्गवीनं हातातला फोन खाली घेतला.

“येकशेईस. खाडीनं माज्या भावाला येकदा बुडवला. तिला काय, ती पानी हाय, तिला कळत न्हाय. तू शिकलेली हायस. तू येकशेईस येळा बुडवलास, आनि वर माजं नाव लिवलंस.”

एवढं बोलून तिनं खुंटीवरची फळी काढली आणि काखेत मारली.

“मावशी, ती फळी...”

“माजं नाव हाय ना हिच्यावर? मंग माजी वस्तू.”

आणि ती पाहुण्यांच्या मधून, हारतुऱ्यांच्या ताटावरून, चालती झाली. फाटकापाशी अल्पेश टेम्पोत डुलक्या घेत होता. आईच्या तोंडाकडे बघून त्यानं एक शब्द न विचारता गाडी सुरू केली.

घरी आल्यावर ठमाबाईनं लुगडं बदललं नाही की पाणी प्यायली नाही. सरळ पडवीत गेली. मागाचा आखूड पाय उचलून कौलाचा तुकडा बाहेर फेकला, आणि त्या जागी सागवानी फळी सरकवली, अक्षरं खाली करून. जाडी नेमकी बसली. तिनं माग हलवून पाहिला आणि बसली विणायला.

उन्हं कलली तेव्हा दारात सावली पडली. नेत्रा. साडीचा पदर खोचलेला, केस विस्कटलेले, खांद्यावर निळं भलंमोठं बोचकं. तिनं ते पडवीत टाकलं तेव्हा त्यातून खिळ्यांसकट पट्टी उलगडत गेली.

“उतरवून आणली,” ती धापा टाकत म्हणाली. “बाई शिडी धरायला तयार होईनात, मग टेबलावर चढले. आता परत बोलवायच्या नाहीत त्या. आत्या, मी सगळी उसवते. तुम्ही बोलू नका माझ्याशी, पण मला उसवू द्या.”

ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. राग काही दुपारभरात उतरण्यातला नव्हता, आणि उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. नेत्रा भिंतीशी बसली, पट्टीचं टोक शोधून धागा ओढू लागली. मग ठमाबाईनं धाग्यांखालून फळी सरकवली आणि सवयीनं म्हणायला सुरुवात केली. बाबा पाच, मोरू पाच, आई चार, गोदू तीन, ठमा दोन.

पुढचं नाव घ्यायला तिनं तोंड उघडलं, पण नजर नेत्राच्या हातातल्या पट्टीकडे गेली. बोट एका पांढऱ्या धाग्याखाली तसंच राहिलं.

“दादू एक,” भिंतीपासून नेत्रा म्हणाली.

ठमाबाईनं धागा उचलला. धोटा गेला, फणी बसली, आणि माग जागचा हलला नाही.