लखूचा दुसरा डोळा

“ह्यात एकच डोळा हाय, तम्मा. मला दोन पायजेत.”

धाकट्या भावासारख्या कुणालाही तम्मा म्हणणाऱ्या सुंदरीने नवऱ्याचं आधार कार्ड गुणाच्या कीबोर्डवर ठेवलं. लखूला जाऊन दहा दिवस झाले होते आणि बाराव्याला बॅनर लागणार होता. फोटोत उजवा डोळा कॅमेऱ्याकडे बघत होता. डाव्याच्या जागी कातडीची घडी होती.

जोयड्यातल्या या बॅनरच्या दुकानात गुणा सहा वर्षं बसत होता आणि गिऱ्हाइकांबद्दलचं त्याचं मत पहिल्याच आठवड्यात पक्कं झालं होतं. ज्याला त्याला गोरं व्हायचं असे. पंचायतीच्या मेंबराला मागे सिंह हवा असे, आणि सिंहाने मेंबराकडे आदराने बघायला हवं असे. एकाने तर बारशाच्या बॅनरवर बाळाला मिशी रंगवून घेतली होती, आजोबांवर गेलाय हे गावाला कळावं म्हणून.

अशा लोकांत एक खरा कलाकार बसला आहे, हे फक्त गुणाला माहीत होतं. कामाच्या फाइलमागे त्याची दुसरी फाइल उघडी असे. तिचं नाव युमी. जपानी चित्रकथांच्या, मांगाच्या धाटणीची मुलगी. निळे केस, नावापुरतं नाक आणि अर्धा चेहरा खाणारे डोळे. जपान नकाशात दाखव म्हटलं असतं तर गुणाची पंचाईत झाली असती, पण तिथली माणसं आपल्याला ओळखतील याची त्याला खात्री होती. एकेक बिंदू धरून, रेष वाकवून त्याने अकरा दिवसांत नुसते तिचे डोळे केले होते. बुबुळात जांभळ्याचे सात थर आणि वर तीन पांढरे ठिपके. आज चारच्या आत ती बेंगळुरूच्या एका कॉमिक्स कंपनीला पाठवायची होती. पसंत पडली की नोकरी, आणि जोयड्याचं तोंड पुन्हा बघायला नको. दोन वाजून गेले होते आणि केस अर्धे राहिले होते.

“असू दे की मावशे. एका डोळ्यानं ओळखतात सगळी.”

“ओळखतात म्हणूनच.” सुंदरी बाकावर बसली. “अस्वलानं नेला तो. तवापास्नं फोटोवाला दिसला की ह्यो तोंड फिरवी. पोरीच्या लग्नात खांबाकडं बघत हुबा हाय. एकदा तरी लोकांकडं समोरनं बघू दे.”

“दुसरा डोळा मी आणू कुठनं?”

“ते तुझं काम न्हाई व्हय?”

“उद्या ये.”

“बसते की.”

आणि ती बसली. गुणा केसांकडे वळला. तीन वाजता मागून आवाज आला, “ही पोरगी कोण? केस निळे पडल्यात. आजारी हाय व्हय?”

गुणाचं डोकं फिरलं. त्याने युमीच्या दोन्ही डोळ्यांची नक्कल उचलली, लखूच्या तोंडावर चिकटवली आणि अपमान कमी पडू नये म्हणून ओढून मोठी केली. मग पडदा तिच्याकडे फिरवला. सत्तरीचा लखू, पांढरे खुंट, आणि त्यावर दोन जांभळी, पाणीदार बुबुळं.

सुंदरी उठून पडद्याजवळ आली.

“अजून जरा मोठं कर,” ती म्हणाली. “अस्वलाच्या आधी असाच बघायचा माझ्याकडं.”

सहा फुटी बॅनर काखेत मारून ती जीपकडे गेली. चारला दोन मिनिटं असताना युमी अर्ध्या केसांनिशी बेंगळुरूला गेली.

पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. रेषा सफाईदार आहेत, पण डोळे कुणाकडेच बघत नाहीत. बेंगळुरूतही सगळे अडाणीच भरले आहेत, हे गुणाला त्या दिवशी कळलं.

भात पोटरीला आलं तेव्हा दुकानाच्या मालकाने, विनोदने, त्याला एका बोर्डाचं माप घ्यायला कुळगीकडच्या वाडीत पाठवलं. पहिलाच गोठा लागला त्यावर पावसासाठी घातलेल्या बॅनरवरचा मेंबर उलटा पडला होता. सिंहाच्या तोंडातून पन्हळ काढली होती. गुणाला बरं वाटलं.

मग एक शेत लागलं. बांधावर दोन बांबूंना, जंगलाकडे तोंड करून, लखू सरळ उभा होता. कार्डावरचा फोटो ताणून ताणून चेहऱ्याचा चिखल झाला होता. पण डोळे वेक्टरचे, म्हणजे बिंदू-रेषांनी काढलेले होते, आणि तसली रेष कितीही मोठी केली तरी फुटत नाही. जंगलाच्या बाजूने, चाळीस पावलांवरून चेहरा दिसतच नव्हता, भातावर नुसते दोन डोळे उभे होते. ठिपके तिन्ही मोजता येत होते.

सुंदरी खाली तण उपटत होती.

“शेजारची चार शेतं डुकरांनी उकरली,” ती वर न बघता म्हणाली. “आमच्यात न्हाई आली.”

“भितात व्हय याला?”

“भ्यायला काय झालं? बघतोय म्हटल्यावर येत न्हाईत.”

गुणा बांधावर चढला आणि त्याने मोबाइल काढला. कंपनीला फोटो पाठवायचा होता, एका ओळीसकट. ओळ त्याने मनात तयार ठेवली होती, चांगली झोंबणारी. तो अगदी जवळ गेला.

“सरक, तम्मा,” सुंदरी म्हणाली. “त्याच्या म्होरं हुबा हायस. त्याला रान दिसंना.”

बांध अरुंद होता. गुणा चपलांसकट चिखलात उतरला.