पाचवी ‘ब’मधली मीटिंग

नंबर डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या फळ्यावर लावलेला होता. योगिनीने तो हळूच फोनमध्ये उतरवून घेतला आणि तीन दिवस नुसता बाळगला. चौथ्या दिवशी गच्चीवर जाऊन, श्वास रोखून तिने तो लावलाच.

“नमस्कार, खंडेराव बोलतोय.”

“ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग… तुमच्याकडेच असते ना?”

“असते की. कोणासाठी विचारताय ताई? मालकांसाठी?”

“नाही,” योगिनी म्हणाली. “माझ्यासाठी.”

पलीकडचा माणूस असा काही खूश झाला, की जणू सोयरीक जमल्याची बातमी कानावर पडावी! “अरे वा! या ना ताई, या! रविवारी संध्याकाळी पाच वाजता. पंचवटीतली शाळा सांगतो, तिथं या. आमच्यात एक बाईमाणूसही आहे बरं का!”

बाईमाणूस! योगिनीला आत्तापर्यंत वाटायचं, अख्ख्या नाशकात पिणारी बाई आपण एकटीच. विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका कंपनीत ती सहा वर्षं पाहुण्यांना वाइन चाखायला द्यायची. घोट तोंडात फिरवून थुंकायचा, हे ती पाहुण्यांना शिकवायची आणि स्वतः मात्र गिळायची. पुढे घरी साड्यांच्या घडीमागे बाटली आली, मग वाइनच्या जागी व्हिस्की. नवरा दीपक आधी भांडला, मग गप्प झाला. त्याचं ते गप्प राहणंच तिला दवाखान्यापर्यंत घेऊन गेलं होतं. औषधं सुरू होऊन आज आठवा दिवस होता.

रविवारी ती साडेचारलाच स्कूटी काढून निघाली. शाळेचं फाटक सताड उघडं, आवारात गाड्यांची गर्दी, वरच्या मजल्यावर माणसांचा नुसता कलकलाट. एवढी माणसं दारू सोडायला आलीत! तिच्या अंगात उत्साहच संचारला. धडाधड जिने चढून ती वर गेली. दारातल्या टेबलामागे बसलेल्या बाईंनी तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं, वर पेढाही दिला.

“मुलाकडच्या की मुलीकडच्या?”

“म्हणजे?”

“अहो, वधू-वर मेळावा आहे ना! स्थळ कोणासाठी बघताय?”

योगिनी पेढा तोंडात धरून उभी राहिली. मागे रांग वाढली. निमूट परत फिरावं, घरी जावं, असं तिच्या मनात आलं. पण आज परत गेले तर पुन्हा येणं होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पेढा गिळून ती टेबलावर वाकली आणि एका दमात म्हणाली, “मला दारू सोडायचीय. त्यांची मीटिंग कुठंय?”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग हातातली यादी बाजूला ठेवून त्या उठल्या, तिचा दंड धरून तिला जिन्यापर्यंत घेऊन आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “खाली डावीकडे, पाचवी ब. माझा भाऊ जातो तिथं. चार वर्षं झाली त्याला. पळा, सुरू झाली असेल!”

ती खरंच पळाली.

पाचवी ब मध्ये दहा-बारा पुरुष लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसले होते. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, टेबलावर चहाची किटली. आणि पहिल्याच बाकावर नऊवारीतली, साठीची, ठसठशीत कुंकवाची एक बाई. योगिनीला बघताच ती सरकली आणि बाकावर थाप मारत म्हणाली, “ये गं माझे बाय! नऊ वर्षं झाली, मी वाट बघतेय कुणी बाई येईल म्हणून!”

ती यशोदाबाई. भाजीचा धंदा. नवरा वारल्यावर कुंकू पुसलं नाही, पण एकटी पडली आणि बाटलीला लागली. आपलं सगळं तिने भाव सांगावा तसं बिनदिक्कत सांगितलं. हातगाडीवर पिऊन पडायची, पोरगी ओळख दाखवायची नाय. ऐकताना एक जण हसला, मग सगळेच हसले, कारण प्रत्येकाकडे तसलाच एखादा किस्सा होता. इतकी लाजिरवाणी गोष्ट माणसं हसत सांगू शकतात, हे योगिनी पहिल्यांदाच बघत होती.

“तुम्हाला बोलायचंय ताई?” खंडेरावांनी विचारलं. “नसेल तर नुसतं बसा.”

योगिनी उठली. तिचा आवाज खणखणीत आला. “मी योगिनी. मी दारुडी आहे. आणि आज अकरा दिवस झाले, मी एक थेंब घेतला नाही!”

टाळ्यांनी पाचवी ब दणाणली. वरचे वधू-वरसुद्धा दचकले असतील.

घरी येऊन ती दारातूनच सांगत सुटली. यशोदाबाई, पेढा, बाक, सगळं एकमेकांत मिसळून. दीपक आधी बघतच राहिला. पेढ्याचा प्रसंग आला तशी त्याला हसू आवरेना, आणि हसता हसताच त्याने डोळे पुसले. “पुढच्या रविवारी सोडायला येऊ का?” त्याने विचारलं.

दुसऱ्याच दिवशी योगिनीने मॅनेजरकडून बदली मागून घेतली. ती आता त्याच कंपनीच्या अंबडमधल्या ऑफिसात बसते, बाटल्यांपासून लांब. मध्ये एकदा पाय घसरला. पण त्याच रात्री तिने यशोदाबाईंना फोन केला आणि सकाळी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागली. त्यालाही आता सात महिने झाले.

येत्या रविवारी दोघी जीपने सुरगाण्याला निघाल्यात. दारू सोडू पाहणाऱ्या तिथल्या दोन बायकांनी बोलावलंय. यशोदाबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय, “पुढची शीट माझी!”