निवांत भांडं

प्रयोगशाळेचं दार लाथेने उघडून तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आत घुसला, तेव्हा ती टेबलाशी काम करत होती. समोर दोन भांडी होती. दोन्हींत तेच जहाल आम्ल, दोन्हींत एकेक लोखंडी पट्टी. एक भांडं फसफसत होतं. दुसऱ्यात तिने गंजरोधक औषध घातलं होतं, म्हणून तिथली पट्टी निवांत लखलखत होती.

"तुझी ताई कुठे लपवलीस?" भाऊजींनी केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. याच हातांनी त्यांनी ताईचा जबडा मोडला होता. "बोल, नाहीतर तोंड त्या फसफसत्यात बुडवतो!"

तिने जीव खाऊन कोपर हाणलं. फसफसतं भांडं उडालं आणि आम्ल भाऊजींच्या डोळ्यांत गेलं. "पाणी! पाणी!" बोंबलत त्यांनी चाचपडून ते निवांत भांडं उचललं.

नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, शांत दिसतं म्हणून पाणी समजू नका. आज ती गप्प बसली.

भाऊजींनी भांडं तोंडावर ओतलं. किंकाळीने खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पट्टी फरशीवर खणखणली. तिने ती सवयीने चिमट्यात उचलली. तिच्यावर एकही डाग नव्हता.

"औषध लोखंडाला वाचवतं, भाऊजी," ती म्हणाली आणि मगच तिने नळ सोडला.