समुद्रावरचे काका

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि सध्या एका फ्रिजच्या डोक्यावर राहतो. पुस्तकानं फ्रिजवर राहावं का, हे मला विचारू नका. ज्यांनी ठेवलं त्यांना विचारा. खालून सारखी घरघर येत असते. पहिले काही दिवस पाठीला गुदगुल्या व्हायच्या, मग पाठ बधिर झाली. आता काही वाटत नाही.

माझं नाव 'समुद्री चाचे : खरे आणि गोष्टीतले'. नावाखाली बारीक अक्षरात 'सर्व वयांच्या वाचकांसाठी' असं छापलंय. तिथंच सगळा घोळ झाला. मोठ्यांना वाटलं, हे पोरासोरांचं. पोरांना वाटलं, हे शाळेचं. मला लिहिलं एका निवृत्त बंदर-कारकुनानं. जुन्या खटल्यांचे कागद वाचता वाचता त्यानं डोळे अधू करून घेतले आणि माझा पहिला भाग लिहिला. त्यात खरे चाचे आहेत. पगार बुडालेले, पाठीवर चाबूक खाल्लेले खलाशी. आपला कप्तान ते मतं देऊन निवडायचे, भांडणं कशी मिटवायची याचा करारनामा करायचे, आणि लुटायचे काय, तर पुष्कळदा दोर, शिडाचं कापड, पिठाची पोती, नाहीतर औषधाची पेटी. हस्तलिखित चाळून प्रकाशक म्हणाला, "साहेब, हे कोण वाचणार? एखादा पोपट घाला की!" म्हणून माझा दुसरा भाग आला. त्यात पोपट आहे, लाकडी पाय आहे, फुली मारलेला नकाशा आहे, आणि चित्रं रंगीत आहेत. पहिल्या भागाला औषधालासुद्धा चित्र नाही. एकाच पुठ्ठ्यात राहून असा दुजाभाव! पूर्वी मला याचा फार राग यायचा.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. दुकानात काही वर्षं उभा राहिलो, मग आडवा झालो, मग रस्त्यावरच्या ढिगात आलो. तिथून मला एका फिटरनं उचललं. फिटर म्हणजे जहाजाच्या इंजिनखोलीत पंप, पाइप, झडपा दुरुस्त करणारा माणूस. वर्षातले नऊ महिने तो समुद्रावर असे आणि तीन महिने घरी. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. साऱ्या जहाजाची गळती थांबवणाऱ्या या माणसाच्या मोरीतला नळ मात्र टपटपत असे. बायकोनं विचारलं की म्हणे, "मी सुट्टीवर आहे."

मित्रांनो, ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. रोज संध्याकाळी फिटर खाटेवर पाय पसरून बसे आणि त्याची सात वर्षांची मुलगी, जिला सगळे ठमी म्हणत, त्याच्या पोटाला टेकून बसे. माझा चाचा कप्तान तो नाकातून बोलून दाखवायचा. "कोण आहे रे तिकडं? पोपटाला मिरची कोणी दिली?" ठमी हसून हसून लोळायची. पहिल्या दिवशी मात्र कप्तानाचं चित्र बघून तिनं डोळे झाकून घेतले होते. गालावर हा एवढा व्रण होता ना!

"घाबरतेस काय, वेडाबाई," फिटर म्हणाला. "चाचा म्हणजे काका. हे सगळे समुद्रावरचे काका आहेत."

"काहीतरीच काय सांगताय पोरीला!" आतून बायको म्हणाली.

"मग? चाचा म्हणजे दुसरं काय असतं, तूच सांग."

तेव्हापासून त्या घरात चाचे म्हणजे काका. पहिला भाग तो कधी उघडत नसे. "हे मोठ्यांचं," म्हणून नव्वद पानं एकदम उलटायचा. आणि मोठं माणूस म्हणाल तर त्याची बायको. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती दिवसभर भिंगं घासायची. घरी आल्यावर तिला अक्षराकडं बघवत नसे.

फिटर पुन्हा जहाजावर गेला. तीन महिने झाले असतील, दुपारी घरी फोन आला. कंपनीचा माणूस होता. बायको उभ्यानं ऐकत होती. "हो." "बरं." "हो." असं सात-आठ वेळा म्हणाली. मग तिनं गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि खुर्चीवर बसली. तासाभरात तिचा धाकटा भाऊ आला. ठमीचा हा मामा फार मायाळू, पण हळू बोलणं काही त्याला ठाऊक नाही.

"अगं ताई, चाच्यांनी धरलंय म्हणजे आज ना उद्या सोडतीलच की! कंपनीची बोलणी चालू आहेत ना? तू धीर सोडू नकोस."

दारात ठमी उभी होती. पाठीवर दप्तर, एका पायात बूट. "बाबा चाच्यांकडे आहेत?"

आईनं मामाकडं पाहिलं. मामानं छताकडं पाहिलं.

"हो," आई म्हणाली.

"समुद्रावरच्या काकांकडे?"

"हो."

"अय्या! किती दिवस राहणार?"

"बघू," आई म्हणाली.

ठमीनं एका बुटावर उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तिनं ही बातमी शाळेत सांगितली, जिन्यात सांगितली, बेकरीत सांगितली. बेकरीवाला म्हणाला, "मग काय बाबा, मजा आहे तुझ्या बाबांची!" आणि आत जाऊन उगाच पिठाचा डबा उघडून उभा राहिला. आईनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून सगळ्यांना समजत होतं.

ठमी रोज मला घेऊन आईच्या मागं लागायची. आईला आवाज काढता येत नव्हते. चार दिवसांनी तिनं मला उचललं आणि फ्रिजवर ठेवून दिलं.

एका सकाळी मात्र तिनं मला पिशवीत घातलं आणि दुकानात नेलं. जेवणाच्या सुट्टीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी बसून तिनं माझा पहिला भाग उघडला. मित्रांनो, इतक्या वर्षांत तो उघडणारी ती पहिलीच! कुणीतरी आपल्याला वाचावं म्हणून मी किती तळमळलो होतो. पण ती वाचत नव्हती, शोधत होती. धरलेल्या माणसांचं चाचे काय करायचे? सोडायचे का? किती दिवसांनी सोडायचे? माझ्यातले चाचे तीनशे वर्षांपूर्वीचे, पण ती मला आजच्या वर्तमानपत्रासारखी वाचत होती. त्रेसष्टाव्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथं लिहिलंय, 'ज्यांच्या हातात कसब असे, अशा माणसांना चाचे सहसा सोडत नसत. सुतार, वैद्य, पिंपं बांधणारे यांना ते जबरदस्तीनं ठेवून घेत.'

फिटर हा शब्द तिथं नाही. तिला तो दिसला असणार. भिंगं घासताना काचेचा पांढरा लगदा बोटांना लागतो. त्या पानावर तिची तीन बोटं उमटली ती अजून आहेत. मला तेव्हा वाटलं, शाई पुसली जाईल तर बरं. पण कारकुनानं खरं तेच लिहिलं होतं. खरं लिहिल्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

त्यानंतर ती जणू घरात नव्हतीच. रडली नाही, चिडली नाही. कामावर जायची, यायची. रिकामा डबा घेऊन जायची आणि रिकामाच परत आणायची. मामा म्हणायचा, "ताई, एकदा रडून तरी घे." ती म्हणायची, "हो." आणि कपडे घड्या करायची.

आता ठमीचं सांगतो. शाळा सुटून आई यायला तासभर असे. एकदा त्या वेळात ठमीनं स्टूल सरकवलं आणि मला खाली काढलं. तिला रंगीत चित्रं हवी होती. पण पानं उलटताना पांढरी बोटं दिसली. आईची बोटं तिनं ओळखली. आईनं इथं काय वाचलं म्हणून तीही वाचू लागली. जोडाक्षराला अडखळत, 'जबरदस्तीनं' हा शब्द तीनदा फोडून. मग मागं गेली आणि सुरुवातीपासून वाचलं. तिला आठ दिवस लागले. रोज तासभर, आणि जिन्यात पाऊल वाजलं की मी परत फ्रिजवर.

नवव्या दिवशी संध्याकाळी आई आल्यावर ठमी म्हणाली, "आई, काकांनी आज बाबांना जेवायला काय दिलं असेल?"

"मासे," आई म्हणाली.

"तळलेले?"

"भाजलेले."

"मग बरं. बाबांना भाजलेलेच आवडतात."

मी वर पडून दोघींचं ऐकत होतो. आई मुलीसाठी खोटं बोलत होती आणि मुलगी आईसाठी. कुणाला सांगू? छापलंय त्याहून एक अक्षर मला जास्त बोलता येत नाही. असं ऐकता ऐकता कधी मन बधिर झालं, ते मलाही कळलं नाही.

सातव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, फोन वाजला. लांबलचक नंबर होता. आईचे हात साबणानं भरलेले, म्हणून मामानं फोन स्पीकरवर टाकला.

"मी बोलतोय," फिटरचा आवाज आला. "कंपनीला सांगा, लवकर काहीतरी करा. पिण्याचं पाणी संपत आलंय. दोघं आजारी आहेत. ऐकू येतंय ना?"

मागं कुणीतरी भलत्याच भाषेत ओरडत होतं. हातावरचा साबण फरशीवर गळत राहिला. ठमीनं आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं. मी वरून ते नीट पाहिलं. मग ती खूप आनंदानं ओरडली, "बाबा! काका आहेत का तिथं? चाच्यांना फोन द्या ना!"

फोनमध्ये नुसती खरखर. मामानं तोंडावर हात धरला.

मग नाकातून आवाज आला. "कोण आहे रे तिकडं? कप्तानाला फोन करणारी ही चिमुरडी कोण?" मध्येच तो आवाज चिरकला. पण थांबला नाही. "पोपटाला मिरची कोणी दिली?"

ठमी हसली. मोठ्यानं, आणि जरा जास्तच वेळ. आईही हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि फोन बंद पडला. मामा जिन्यात जाऊन बसला.

अकराव्या महिन्यात जहाजावरच्या सगळ्यांना सोडलं. फिटर घरी आला तो कुणाचा तरी ढगळ शर्ट घालून. दाढी वाढलेली, मनगटं काटकुळी. त्याच दिवशी सगळी इमारत लोटली. खाटेवर, खुर्च्यांवर, दारात माणसंच माणसं. मामाला तर धीरच नव्हता.

"भावोजी, सांगा की! कसे होते हो ते चाचे? बंदुका होत्या?"

फिटरनं जरा विचार केला. "उकडायचं," तो म्हणाला.

लोक थांबले. पुढं सरकून बसले.

"जनरेटर बंद पडला की मला उठवायचे," तो म्हणाला.

आईनं दाराची चौकट धरली.

"मग? पुढे?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"पुढे काही नाही. जनरेटर चालू करायचो."

लोक चहा पिऊन उठले. जिना उतरताना कुणीतरी म्हणालं, "इतकं पाहून आला, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ!" ते वर स्पष्ट ऐकू आलं. फिटरनं ते ऐकलं आणि काही झालं नसल्यासारखा बसून राहिला.

तसाच तो रोज बसू लागला. वाढलं तर जेवायचा. फ्रिजची घरघर थांबली की ताडकन उठायचा, फ्रिजच्या अंगावर हात ठेवायचा आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत उभा राहायचा. त्याचं तोंड तेव्हा माझ्यापासून वीतभर असे. मी त्याला दिसत नव्हतो. संध्याकाळी ठमी जवळ येऊन बसली की त्याचे ओठ हलत. आवाज काढायचा प्रयत्न करायचा बिचारा. घाम फुटायचा. मग "उद्या हं," म्हणायचा. ठमी म्हणायची, "चालेल." आई आतून म्हणायची, "काकांकडून दमून आलेत ना बाबा." असे पंधरा दिवस गेले. तिघंही एकमेकांना जपत होते आणि तिघंही खंगत होते.

पुढच्या रविवारी मामा आपल्या दोन मित्रांना घेऊन आला. त्यांना ऐकायचं होतं. दार ठमीनं उघडलं.

"आज नाही, मामा."

"अगं दोनच मिनिटं. लांबून आलेत गं हे."

"नाही म्हणजे नाही."

आणि तिनं मामाच्या तोंडावर दार लावलं! आई "अगं, अगं" म्हणत पुढं आली. ठमी तिला ओलांडून बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, ते काका नव्हते. मला माहीत आहे. तुम्ही आता आवाज काढू नका."

आईच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "तुला कधीपासून माहीत?"

"तुझ्यानंतर. तुझी बोटं होती पानावर."

"म्हणजे फोनवर..." फिटर म्हणाला.

"फोनवर मी घाबरले होते. पण आई होती ना समोर."

फिटरनं मुलीकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, जणू घरी आल्यापासून दोघी त्याला आत्ताच दिसत होत्या. आई येऊन खाली फरशीवरच बसली.

"मीपण घाबरलो होतो गं," तो म्हणाला. "फार घाबरलो होतो."

आणि मग आई रडली. अकरा महिन्यांचं सगळं.

मित्रांनो, खरं म्हणजे आता मी म्हणायला हवं की पुस्तकाला कव्हर घाला, कोपरे दुमडू नका, थुंकी लावून पानं उलटू नका. ते तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं दुसरंच आहे. चाच्यांच्या गोष्टी खुशाल वाचा, पोपटाला हसा, नकाशावरची फुली शोधा. पण खरोखर तिकडून घरी आलेल्या माणसाला 'मग पुढे काय झालं' असं विचारू नका. त्याला बसू द्या. त्याच्यासमोर खोटं हसू नका. बोलायचं तेव्हा तो बोलेल. आणि नाहीच बोलला, तरी रोज त्याचं पान मांडा.