बंद दाराच्या दोन गोष्टी

नाताळ तीन आठवड्यांवर आला, तरी यंदा गायचं की नाही, हे टेगवेनचं ठरत नव्हतं. घराण्याचं भक्तिगीत तीन आवाजांचं. वरचा तिचा, मधला नणंद ल्युनेडचा आणि खर्जातला नवऱ्याचा. इद्रिसला देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दोन्ही नाताळांत ते गीत गायलं गेलं नव्हतं. वेल्सच्या त्या खोऱ्यात नाताळच्या संध्याकाळी चर्चमध्ये एकेक घर उठून आपलं गीत गातं; एका घरचं गीत दुसरं घर गात नाही. लिहूनही कुणी ठेवलेलं नव्हतं. यंदा राहिलं, तर ते गेलंच म्हणायचं.

गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत वाचनमंडळ भरे. ल्युनेडने तिला ओढतच आणलं. पाळकसाहेब दोन जुन्या भयकथा वाचणार होते. माणूस मोठा रसाळ. प्रवचन रंगलं की त्यांचं बोलणं सुरावर चढे आणि ऐकणाऱ्याचे हात नकळत जोडले जात. भुताच्या गोष्टीही त्यांनी अर्ध्या गाऊनच सांगितल्या.

पहिलीत बुडालेला खलाशी रोज बायकोचं दार ठोठावतो आणि ती उघडत नाही. दुसरीत एक म्हातारा स्वतःला गढीत कोंडून घेतो. तो मेल्याचं वर्षभर कुणाला कळत नाही.

"मरण दोन्हींत, एकटेपण दोन्हींत," पाळकसाहेब म्हणाले. "मग फरक काय?"

"पहिलीत भूत तरी येतं," शेजारचा मेंढपाळ ग्विलिम म्हणाला. "म्हाताऱ्याकडे तेसुद्धा फिरकत नाही!"

सगळे हसले. टेगवेन हसली नाही.

"पहिलीत आधी मरण येतं, मागून एकटेपण," ती म्हणाली. "दुसरीत एकटेपण आधीच येऊन बसलेलं. मरण नुसतं कुलूप लावायला येतं. मला दुसरीचीच भीती वाटते. त्याला कुणी हाक मारली नाही. मला तरी कुठे मारलीत? दोन नाताळ मी बाकावर बसून होते. एकानेही म्हटलं नाही, ऊठ, गा."

"अगं बाई!" ग्विलिम ताडकन उठला. "आपल्याकडे त्या संध्याकाळी कुणाचं नाव पुकारतात का? ज्याला गायचं तो आपण होऊन उठतो. आम्ही तुझी वाट बघत गप्प बसलो होतो! इतका वेळ, की पाळकसाहेबांना डुलकी लागली."

"डोळे मिटून प्रार्थना करत होतो मी," पाळकसाहेब म्हणाले.

टेगवेनला ती शांतता आठवली. तिला ती थडग्यासारखी वाटली होती.

"मग निदान दार तरी वाजवायचंस, ग्विलिम."

"आणि भूत समजून तू उघडलं नसतंस तर?"

"हे तोंड बघता वहिनीची चूक नसती," ल्युनेड म्हणाली.

या वेळी टेगवेनही हसली. मग हळूच म्हणाली, "पण खर्ज कोण लावणार?"

ग्विलिम हातातली टोपी फिरवत राहिला. "चाळीस वर्षं इद्रिसच्या मागच्या बाकावर काढली. पाठ आहे मला. पण दुसऱ्याच्या घरचं गीत न बोलावता कसं गाऊ?"

"मग बोलावते. उद्या चहाला ये. दार वाजव, चांगलं जोरात."

नाताळच्या संध्याकाळी एक घर गाऊन जागेवर बसलं. चर्चमध्ये शांतता पसरली. टेगवेनकडे कुणीही वळून पाहिलं नाही, आणि या खेपेला तिला त्यातली माया कळली. मनोमन देवाचं नाव घेऊन ती उठली. मागोमाग आणखी दोन बाक करकरले.