एकशेचाळीस ठोके

थोरलीने रसायनाची बाटली उघडली, पुन्हा बंद केली आणि तिसऱ्यांदा हात धुवायला गेली. आज पेशींवरून द्रव वाहवणारा पंप थांबवायचा, रसायन सोडून पेशी मारायच्या, रंगवायच्या आणि मोजायच्या. शेकडो वेळा केलेलं काम, पण आज ते तिच्या जिवावर आलं होतं.

प्रयोगशाळेत प्रसूतिगृहातून नाळा यायच्या, त्या नुसत्या क्रमांकाने. कुणाची हे विचारायचं नाही, असा नियम होता. ही नाळ मात्र धाकट्या बहिणीच्या बाळाची. नाळेवर पहिला हक्क मावशीचा, बारशाचा खर्चही तिचाच, असं धाकटीने नवव्या महिन्यात हसत बजावलं होतं. बाळ दोन दिवसांत गेलं. त्याला तीन आठवडे झाले. नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी तेवढ्या काचेवर जगल्या होत्या.

दुपारी धाकटी न सांगता आली. थोरलीने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पंप लावण्याआधी या पेशी वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. पाच दिवस अंगावरून प्रवाह गेला तशा लांबट झाल्या, एका दिशेला वळल्या, हे तिने जमेल तसं सांगितलं.

"शहाण्या आहेत," धाकटी म्हणाली. मग तिने पंपाची ठोक्यागणिक उडणारी नळी दोन बोटांत धरली. "हे ठोके किती?"

"बहात्तर."

"त्याचे एकशेचाळीस होते. पोटात असताना मशीनवर ऐकायचे मी. ताई, तेवढे लाव ना. एकदाच."

ठोके वाढले की प्रवाहाचा जोर वाढणार, आणि पेशींना सोसेल तेवढा जोर आधीच लावलेला होता. त्या काचेवरून सुटून वाहून जातील, सगळा प्रयोग पाण्यात जाईल. थोरलीने रसायनाच्या बाटलीकडे पाहिलं. संध्याकाळी तशाही त्या मरायच्याच होत्या, आणि तिच्याच हाताने.

"सरक जरा," ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने बटण हळूहळू फिरवलं.

नळी धाकटीच्या बोटांत भराभर उडू लागली. धाकटीने डोळे मिटले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला.

काचेवर आधी कडेची एक पेशी सुटली. मग शेजारची, मग ओळच्या ओळ.

"आहेत ना गं अजून?" धाकटीने विचारलं.

"आहेत," थोरली म्हणाली. काच रिकामी झाली तरी तिने मान वर केली नाही.